मेलिसानीचं विवर आणि केफालोनिया बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केफालोनियाहून परत आल्यावर मी निळ्या पाण्यातल्या होडीचा एक फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि फसले. मामेभावापासून शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींपर्यंत सगळे तेच दहा-पंधरा प्रश्न आलटून पालटून विचारू लागले. भूगोल शिकवण्यात जन्म गेल्यामुळे माझी उत्तरं लांबतात, हे मान्य. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते आहे. ज्यांना फक्त जाण्यायेण्याची माहिती हवी त्यांनी सरळ शेवटाकडे जावं. पाण्याबद्दलचा प्रश्न मात्र गाळू नका, कारण माझ्या मते या जागेची खरी गोष्ट तीच आहे. निळा रंग नंतर.

ही गुहा नेमकी कुठे आहे?

ग्रीसच्या पश्चिमेला, इटलीच्या दिशेने तोंड करून असलेल्या आयोनियन समुद्रात केफालोनिया नावाचं बेट आहे. तिथले लोक 'केफालोन्या' म्हणतात. आयोनियन बेटांमधलं हे सगळ्यात मोठं. या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सामी नावाचं छोटं बंदर आहे. सामीच्या वायव्येला जेमतेम दोन किलोमीटरवर कारावोमिलोस हे गाव आणि त्याच्या शेजारी मेलिसानी. समोर समुद्रापलीकडे दिसतं ते इथाका, ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसचं बेट.

एक गोंधळ इथेच मिटवते. सामी म्हणजे सामोस नव्हे. सामोस हे तुर्कस्तानच्या किनाऱ्याला चिकटलेलं, ग्रीसच्या अगदी दुसऱ्या टोकाचं बेट आहे. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने हॉटेल शोधताना तासभर सामोसची हॉटेलं पाहिली होती!

गुहा म्हणायचं, विवर म्हणायचं की तळं?

तिन्ही. आधी जमिनीखाली चुनखडीच्या खडकात मोठी पोकळी होती, तिच्या तळाशी पाणी साचलेलं होतं. मग छताचा एक भाग कोसळला आणि वर आभाळ उघडं पडलं. अशा जागेला सिंकहोल म्हणतात. वरून पाहिलं तर झाडाझुडपांत एक भलंमोठं भोक, त्यातून वीसेक मीटर खाली पाणी. कोसळलेल्या छताचा ढिगारा तळ्याच्या मध्यभागी पडून आहे, त्याचंच एक बेट झालंय. या बेटामुळे गुहेचे दोन भाग पडतात: एक उघडा, उन्हातला, आणि दुसरा अजून छत शाबूत असलेला, अंधारा.

आपल्याकडे 'गुहा' म्हटलं की डोळ्यासमोर कार्ले, भाजे, वेरूळ येतात. ती लेणी, माणसाने छिन्नीने कोरलेली, आणि तीही बेसॉल्टमध्ये. बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही. चुनखडी विरघळते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, खडकाच्या भेगांत शिरतं आणि हजारो वर्षांत भेगेची फट, फटीचा बोगदा, बोगद्याचं दालन करत जातं. सह्याद्रीत वाढलेल्या डोळ्यांना हा प्रकार नवा असतो. आपल्याकडे पाणी डोंगरावरून धबधब्याने उतरतं आणि केफालोनियात ते डोंगरातच नाहीसं होतं. एवढा पाऊस पडूनही बेटावर नावाजण्यासारखी नदी नाही, त्याचं कारण हेच.

छत १९५३ च्या भूकंपात कोसळलं, असं सगळीकडे लिहिलंय. खरं का?

मला पटत नाही. ग्रीक गुहासंशोधक यान्निस पेत्रोखीलोस यांनी ही गुहा १९५१ साली शोधली, म्हणजे भूकंपाच्या दोन वर्षं आधी. शिवाय आत सापडलेल्या वस्तू इसवी सनपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या आहेत. म्हणजे तेव्हाही माणसं आत उतरत होती आणि उतरायला वाट असणारच. १९५३ च्या हादऱ्याने आणखी काही भाग ढासळला असेल, पण 'एका सकाळी छत पडलं आणि गुहा सापडली' ही गोष्ट गाईडला सांगायला सोयीची, एवढंच.

हे पाणी येतं कुठून?

आता बसून वाचा.

मेलिसानी बेटाच्या पूर्वेला. बेटाची राजधानी अर्गोस्तोली पश्चिमेला. मधे डोंगर. अर्गोस्तोलीच्या बाहेर, उत्तरेच्या टोकाकडे किनाऱ्यावर 'काटावोथ्रेस' नावाची जागा आहे. तिथे समुद्राचं पाणी जमिनीत शिरतं. लाट येऊन परत जाते तसं नव्हे. पाणी आत जातं आणि परत येतच नाही. खडकातल्या भेगा ते गिळून टाकतात. हा ओघ एके काळी इतका जोरदार होता की १८३५ मध्ये स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाने त्यावर पाणचक्की बसवली. पुढे दुसरीही झाली. पाणचक्की नदीवर असते हे आपण शाळेत शिकतो. इथे समुद्र जमिनीकडे वाहत होता आणि त्यावर धान्य दळलं जात होतं.

हे पाणी जातं कुठे, याचा उलगडा शतकभराहून अधिक काळ कोणाला झाला नाही. १९६३ मध्ये ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकांनी काटावोथ्रेसच्या तोंडाशी युरेनिन नावाचा रंग ओतला. हा रंग पाण्यात अतिशय विरळ झाला तरी हिरवट चमकतो आणि उपकरणांना ओळखू येतो. मग बेटभरच्या झऱ्यांवर पहारा ठेवला. दोन आठवड्यांनी रंग उगवला तो बेटाच्या दुसऱ्या बाजूला, मेलिसानीत आणि कारावोमिलोसच्या किनाऱ्यावरच्या झऱ्यात. सरळ रेषेत अंतर सुमारे १५ किलोमीटर, तेही अख्ख्या डोंगराच्या पोटातून.

म्हणजे होडीत बसून तुम्ही ज्या पाण्यावर तरंगता, त्यातलं काही पाणी पंधरा दिवसांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात होतं.

पण समुद्राचं पाणी दुसऱ्या बाजूला वर कसं चढतं? पाणी तर उताराकडे जातं ना?

हा प्रश्न माझ्या एका विद्यार्थिनीने विचारला. फार बरं वाटलं.

इंग्रजी 'यू' आकाराची एक मोठी नळी डोळ्यासमोर आणा. एक तोंड अर्गोस्तोलीला, दुसरं मेलिसानीला, मधला बाक बेटाच्या पोटात खोलवर. पहिल्या बाहूत निव्वळ समुद्राचं पाणी, मिठामुळे जड. वाटेत त्यात डोंगरावरच्या पावसाचं मुरलेलं गोडं पाणी मिसळत जातं, त्यामुळे दुसऱ्या बाहूतलं मिश्रण हलकं. जड पाण्याचा स्तंभ हलक्या पाण्याला ढकलतो आणि हलका स्तंभ थोडा उंच उभा राहतो. म्हणून मेलिसानीच्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा किंचित वर असते आणि तिथून ते कारावोमिलोसकडे झिरपत पुन्हा समुद्राला मिळतं. वाहणाऱ्या गोड्या पाण्याची ओढही या ओघाला मदत करते, असं मानतात.

हे बोगदे एवढ्या खोल कसे कोरले गेले, याचं उत्तर हिमयुगात आहे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात जगभरातल्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. भूजलही तितकंच खाली असल्याने पावसाच्या पाण्याने खोलवर वाटा करून ठेवल्या. पुढे बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि त्या वाटा बुडाल्या.

मग पाणी खारं लागतं का?

मचूळ. मी बोट बुडवून चाखलं, तुम्ही नाही चाखलं तरी चालेल. उन्हाळ्यात खोल विहिरीत मीठ उतरलं की आमच्या कोकणातल्या घरी पाणी असंच लागायचं. समुद्राइतकं खारट नाही, पण चहा करायच्या लायकीचंही नाही.

फोटोत दिसतं तेवढं निळं खरंच असतं? कितीला जावं?

असतं, पण दिवसभर नसतं. ऊन थेट भोकातून पाण्यावर पडलं पाहिजे. सगळीकडे 'दुपारी बाराला जा' असं लिहिलेलं असतं आणि इथे माझ्यातली शिक्षिका जागी होते. ग्रीसचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे असतं आणि केफालोनिया देशाच्या पार पश्चिमेला आहे. त्यामुळे जुलैमध्ये तिथे सूर्य सर्वात उंच येतो तो घड्याळात दीड ते पावणेदोनच्या दरम्यान, बाराला नाही. एक ते दोन ही खरी वेळ.

दुसरं असं की तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. मुंबईत वर्षातून दोनदा सावली पायाखाली जाते. केफालोनिया कर्कवृत्ताच्या बरंच उत्तरेला, सुमारे ३८ अंशांवर असल्याने २१ जूनलाही सूर्य ७५ अंशांपर्यंतच चढतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो ४३ अंशांच्या आसपास असतो आणि तेव्हा उन्हाचा पट्टा तळ्याच्या एकाच बाजूला पडतो. म्हणून मे अखेर ते ऑगस्ट हे महिने प्रकाशासाठी सर्वात चांगले. गर्दीचा प्रश्न वेगळा.

आम्ही पहिल्या दिवशी एका सहलीच्या बसमधून संध्याकाळी पाचला पोचलो होतो. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत 'निळी गुहा' लिहिलं होतं. पाहिली ती करडी-हिरवी गुहा. दुसऱ्या दिवशी स्वखर्चाने परत गेलो तेव्हा कुठे डोळे निवले.

आत गेल्यावर नेमकं काय होतं?

तिकीट काढलं की एका उतरत्या, माणसाने खोदलेल्या बोगद्यातून चालत खाली जायचं. बाहेर ऊन चटके देत असतं आणि बोगद्यात शिरलं की माठाजवळ उभं राहिल्यासारखा गारवा. शेवटी लाकडी धक्का आणि रांगेत लागलेल्या वल्ह्यांच्या होड्या. मोटार नाही, इंजिनाचा वास नाही. होडीचं भाडं तिकिटातच.

पहिला फेरा उजेडाच्या भागात. ऊन पाण्यात इतकं सरळ उतरतं की तळाचे दगड हात घातला तर लागतील असे वाटतात, प्रत्यक्षात खाली दहा मीटर पाणी असतं, काही भागांत त्याच्या कितीतरी पट. आमच्या होडीची सावली तळावर पडली होती, वल्ह्यांसकट. होडी पाण्यावर नाही, हवेत लोंबकळते आहे असं वाटून शेजारच्या बाईंनी दोन्ही हातांनी कड धरली होती. वर भोकाच्या काठावरून वेली आणि झाडांच्या फांद्या खाली वाकलेल्या, मधूनच एखादं पान गिरक्या घेत खाली येतं आणि पाण्यावर टेकताना त्याचं वर्तुळ पार भिंतीपर्यंत जातं.

मग होडी ढिगाऱ्याच्या बेटाला वळसा घालून अंधाऱ्या दालनात जाते. तिथे छतावरून लवणस्तंभ लोंबतात. नावाडी वल्हं थांबवतो. आमचा नावाडी सत्तरीकडे झुकलेला होता. त्याने आधी इटालियन गाण्याची एक ओळ म्हटली, घुमणारा आवाज ऐकून हसला, आणि आम्ही कुठले हे विचारून घेतल्यावर म्हणाला, "इंडिया! आता तुम्ही गा." आमच्या होडीतून 'ऐरणीच्या देवा'ची एक ओळ निघाली. प्रतिध्वनी छान आला, सूर नाही.

सगळं मिळून पंधरा मिनिटं, जेमतेम. ऑगस्टमध्ये बाहेर रांगेत तासभर उभं राहावं लागलं तर हिशोब करून जा.

पोहता येतं का?

नाही. इन्स्टाग्रामवर काहीही दिसलं तरी.

मेलिसानी नावाचा अर्थ काय? कुणी अप्सरा होती म्हणे?

ग्रीकमध्ये 'मेली' म्हणजे मध आणि 'मेलिसा' म्हणजे मधमाशी. आपल्या 'मधु'चा हा भाऊ वाटतो, पण नाही. 'मधु'चा सख्खा ग्रीक भाऊ 'मेथी' म्हणजे द्राक्षाची दारू, ज्याचा जुना उच्चार 'मेथू' होता. भाजीशी संबंध नाही.

दंतकथा दोन. एकीत मेलिसांथी नावाची निम्फ पान या देवावर भाळते, तो झिडकारतो आणि ती तळ्यात जीव देते. दुसरीत मेलिसांथी मेंढपाळाची मुलगी आहे, हरवलेली मेंढी शोधताना ती भोकात पडते. मला दुसरी जास्त खरी वाटते. झुडपांनी झाकलेलं वीस मीटर खोल भोक असलेल्या माळावर मेंढ्या चारणाऱ्या लोकांना अशी गोष्ट रचावी लागलीच नसेल.

'निम्फ'ला मराठीत सर्रास अप्सरा म्हणतात. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या अप्सरेपेक्षा आपल्या साती आसरा तिच्या जवळच्या. डोह, विहीर, झरा अशा पाण्याच्या जागी राहणाऱ्या, प्रसन्न झाल्या तर भलं करणाऱ्या, कोपल्या तर माणूस ओढणाऱ्या. मावळात डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड पाहिलेल्या माणसाला मेलिसानीची पूजा समजावून सांगावी लागत नाही.

आणि पूजा होत होती. पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे शोध घेतला. सांतोरिनी बेटावर राखेखाली गाडलं गेलेलं आक्रोतिरी हे प्राचीन शहर पुढे उजेडात आणलं तेच हे मारिनातोस. त्यांना इथे पान देवाची मातीची छोटी मूर्ती, नाचणाऱ्या निम्फांनी वेढलेल्या पानची मातीची थाळी आणि निम्फांच्या मिरवणुकीची पाटी अशा वस्तू मिळाल्या. त्या अर्गोस्तोलीच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे आहेत. भूकंपाच्या नुकसानीमुळे ते संग्रहालय बराच काळ बंद होतं, तेव्हा उघडं आहे का हे आधी पाहून घ्या.

काटावोथ्रेस मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का?

डोळ्यांसाठी विचारत असाल तर नाही. १९५३ च्या भूकंपानंतर ओघ मंदावला. आता तिथे खडक, एक पुन्हा उभारलेलं पाणचाक आणि भेगांमधे खळखळत शिरणारं थोडं पाणी एवढंच आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी "एवढ्यासाठी आलो?" असं म्हटलंच.

पण मी म्हणेन, मेलिसानीच्या आधी इथे जा. काठावर बसून पाण्यावरची एखादी काडी भेगेत जाताना पाहा. दुसऱ्या दिवशी मेलिसानीत होडीत बसल्यावर तेच तळं वेगळं दिसतं. उलट क्रमाने गेलात तर मजा निम्मी. जवळच फानारी नावाचं दीपगृह आहे, गोल, डोरिक खांबांचं, ब्रिटिश अमदानीत प्रथम बांधलेलं आणि भूकंपानंतर नव्याने उभारलेलं. तिथून सूर्यास्त सुरेख दिसतो, म्हणजे काकांचीही सोय झाली.

कारावोमिलोसला काय आहे?

समुद्राला लागून एक छोटं गोल तळं, बदकं, जुन्या गिरणीचं चाक आणि शेजारी खाणावळ. मेलिसानीहून चालत जाता येतं. तळ्याचं पाणी एका अरुंद वाटेने समुद्रात सांडताना दिसतं. अर्गोस्तोलीला समुद्र जमिनीत जातो, इथे जमीन समुद्राला पाणी परत देते. दोन्हीकडे गिरण्या होत्या. गावाच्या नावातच 'मिलोस' म्हणजे गिरणी आहे.

द्रोगारातीची गुहाही बघावी का? तिकीट वेगळं का?

सामीपासून थोड्याच अंतरावर ही दुसरी गुहा आहे, कोरडी, लवणस्तंभांची. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी भूकंपात तोंड मोकळं होऊन ती सापडली, असं सांगतात. १९६३ पासून लोकांसाठी खुली आहे. खाली एक प्रचंड दालन आहे आणि आवाज इतका चांगला घुमतो की तिथे संगीताच्या मैफली होतात.

तिकीट वेगळं. उतरायला बऱ्याच पायऱ्या, ओलसर, निसरड्या. चपला नकोत, बूट हवेत. वेळ एकाच गुहेला असेल तर मेलिसानी. दोन्ही जमत असतील तर आधी सकाळी द्रोगाराती, मग दुपारी एकला मेलिसानी.

आईबाबा बरोबर आहेत, गुडघे दुखतात. जमेल का?

मेलिसानीत उतार आहे, पण चढण फार नाही. सावकाश जमतं. खरी अडचण होडीत चढता-उतरताना, कारण होडी हलते. नावाडी हात देतात. माझ्या सासूबाईंनी नऊवारी नेसून, नावाड्याच्या खांद्यावर बिनदिक्कत हात ठेवून हे पार पाडलं आणि बाकीच्या होड्यांतल्या लोकांनी त्यांचेच फोटो काढले. द्रोगारातीला मात्र त्यांना वरच बसवलं.

तिथे भूकंप होतात ना? भीती नाही का?

होतात. बेटाच्या पश्चिमेला समुद्रतळाशी केफालोनियाचा मोठा विभंग आहे, युरोपातल्या सर्वात जागत्या भूकंपपट्ट्यांपैकी एक. ऑगस्ट १९५३ मध्ये ९, ११ आणि १२ तारखेला हादरे बसले. १२ तारखेचा सुमारे ७.२ तीव्रतेचा. बेटाचा भाग साठेक सेंटिमीटर वर उचलला गेला. शेकडो माणसं गेली, जवळजवळ सगळी घरं पडली, हजारो लोक देश सोडून गेले. उत्तर टोकाचं फिस्कार्दो तेवढं वाचलं, म्हणून जुन्या व्हेनेशियन धाटणीची रंगीत घरं आज तिथेच दिसतात. अर्गोस्तोली आणि सामी या नव्याने बांधलेल्या गावांत 'जुनं ग्रीस' शोधू नका. किल्लारीनंतर आखणी करून वसवलेली गावं पाहिली असतील तर त्या सरळ रस्त्यांमागे काय आहे ते तुम्हाला कळेल.

यानंतर, १९५९ मध्ये, ग्रीसने भूकंपरोधक बांधकामाचा पहिला नियम केला. जानेवारी-फेब्रुवारी २०१४ मध्ये सहाच्या आसपास तीव्रतेचे दोन धक्के बसले. पडझड खूप झाली, पण १९५३ सारखा संहार झाला नाही. बांधकामाचे नियम पाळले की काय फरक पडतो, ते इथे दिसलं.

सामीत राहावं की अर्गोस्तोलीत?

गुहा आणि इथाकाची फेरी हा बेत असेल तर सामी. शांत आहे, संध्याकाळी धक्क्यावर बसायला छान. गावामागच्या टेकड्यांवर प्राचीन सामीच्या तटबंदीचे प्रचंड दगड आहेत. इसवी सनपूर्व १८९-८८ मध्ये रोमन सेनापती मार्कुस फुल्विउस नोबिलिओर याला हे शहर घ्यायला चार महिने वेढा घालावा लागला होता. वर कोणी नसतं, फक्त ऑलिव्हची झाडं आणि बकऱ्यांच्या घंटा.

बाजार, रोषणाई, बसची सोय हवी तर अर्गोस्तोली. तिथे सकाळी कोळ्यांच्या होड्यांपाशी मोठी समुद्री कासवं येतात. त्यांना काही खायला टाकू नका.

समुद्रकिनारे?

मिर्तोस आणि आंतिसामोस. दोन्हीकडे वाळू नाही, पांढरे गोटे, तोच चुनखडीचा डोंगर झिजून झालेले. पाण्याचा तो दुधाळ निळा रंगही त्यामुळेच. रबरी चपला न्या. मिर्तोसला पाणी लगेच खोल होतं आणि लाटा ओढतात, मुलांना सांभाळा.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का?

मुळीच नाही. बटाट्याएवढ्या आकाराच्या टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरून भाजलेलं 'गेमिस्ता', मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं 'गिगांतेस', रानभाज्या उकडून लिंबू पिळलेलं 'होर्ता', पालकाची 'स्पानाकोपिता'. लसणाची आवड असेल तर बेटाची खास 'अलियादा', म्हणजे बटाटा आणि लसणाची घोटलेली चटणी. घरी न्यायला 'मांदोलेस', साखरेच्या लाल पाकातले बदाम.

एक युक्ती: 'निस्तीसिमो' आहे का विचारा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण, त्यात मांस, मासे, अंडी, दूध नसतं. मात्र त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते! त्यामुळे ताटलीत काय आहे ते एकदा बघाच. बेटाची प्रसिद्ध 'क्रेआतोपिता' ही मांस भरून भाजलेली 'पिता' आहे, पालकाची समजून मागवू नका.

पोचायचं कसं?

ग्रीस शेंगेन देश आहे, व्हिसा तोच. अथेन्सहून केफालोनियाला विमान आहे, साधारण तासाभराचं. विमानतळ अर्गोस्तोलीजवळ. दुसरा मार्ग म्हणजे अथेन्सहून बसने पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या पश्चिम टोकाला किलिनी बंदर आणि तिथून दीडेक तासाच्या बोटीने पोरोस. इथे पुन्हा सावध राहा: अथेन्सजवळ पोरोस नावाचं अख्खं वेगळं बेट आहे. तिकीट काढताना 'पोरोस, केफालोनिया' असंच लिहिलेलं हवं.

बेटावर फिरायला गाडी भाड्याने घेतलेली बरी. अर्गोस्तोली ते सामी अंतर थोडं, पण घाट आहे, पाऊण तास धरा. रस्त्यात बकऱ्या बसलेल्या असतात आणि त्या हॉर्नला उठत नाहीत.

एकाच दिवसात काय काय जमेल?

अर्गोस्तोलीहून सकाळी आठला काटावोथ्रेस, अर्धा तास. मग घाटाने सामीकडे, वाटेत ओमाला खोऱ्यात संत येरासिमोसचा मठ लागतो, हे बेटाचे रक्षक संत. १६ ऑगस्टला किंवा २० ऑक्टोबरला गेलात तर जत्रा असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. अकराला द्रोगाराती. साडेबाराला मेलिसानीच्या रांगेत. तीनला कारावोमिलोसच्या तळ्याकाठी जेवण, बदकांना पाव न टाकता. उरलेल्या वेळात आंतिसामोस.

रोकड जवळ ठेवा, टोपी ठेवा, आणि रांगेत पुढच्या टूर ग्रुपमधे तीस माणसं दिसली तर घाबरू नका, होड्या बऱ्याच असतात. नावाड्याने गायला सांगितलं तर कोणतं गाणं म्हणायचं, एवढं मात्र आधी ठरवून जा.